आंजर्ले खाडीतल्या पक्षी-सफरीच्या दोन स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

"गरुड काळा आला, सीगल धूसर आले, आणि सांगूनही होडी घरट्याजवळ नेली नाही," असं तुम्ही लिहिलंय. निघण्याआधी तुमची सेटिंग बघायला हवी होती. ते राहिलं, चूक आमची.

तुम्ही टाकलेल्या गरुडाच्या फोटोचा तपशील असा: ६०० एमएम लेन्स, एफ ८ (उजेड आत घेणाऱ्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ २०० (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, ते), शटर १/२५० सेकंद. झाडावर स्वस्थ बसलेल्या बगळ्याला, तेही ट्रायपॉडवरून, हे चालून जाईल. डुलत्या होडीतून उडता पक्षी टिपायला नाही. अ‍ॅपर्चर प्रायोरिटी मोडमध्ये (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) आयएसओ बांधून ठेवला की उजेड कमी पडल्यावर कॅमेरा शटरच मंद करणार, दुसरं करेल काय? मॅन्युअल मोड घ्या: शटर १/२०००, एफ ६.३, आयएसओ ऑटो, मर्यादा ३२००. त्याच उजेडात आयएसओ हजारच्या आसपास येतो. आयएसओ वाढल्याने फोटोत दाणे दिसतील, ते नंतर कमी करता येतात. हललेला फोटो सुधारत नाही. फोकस सतत पाठलाग करणारा हवा, म्हणजे एएफ-सी. कॅननवर एआय सर्व्हो किंवा नुसतं सर्व्हो.

समुद्र गरुडाचं पोट पांढरंच असतं, पण मागचं आभाळ त्याहून उजळ, आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर आभाळाचंच ऐकतो, म्हणून पक्षी काळा येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं चाक) +१ द्या. आयएसओ दोन हजारांवर जाईल, जाऊ द्या. पुढच्याच वळणावर काळपट कांदळवनापुढे बगळा आला की तेच चाक −१ वर, नाहीतर पिसं पांढरी फटक. हे चाक परत फिरवायला भलेभले विसरतात.

सीगलच्या बाबतीत तुमची सेटिंग ठीक होती. त्या दिवशी ओहोटी उशिरा, त्यामुळे सीगल बसतात ती वाळूची पुळण उघडी पडेपर्यंत साडेदहा वाजले आणि तापलेल्या वाळूवर हवा थरथरायला लागली. मग लांबच्या लेन्सला कुठलीच सेटिंग वाचवत नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी या, ओहोटी सकाळी आठच्या सुमाराला मिळते. बुकिंग घेताना हे आम्हीच सांगायला हवं होतं.

घरट्याचं मात्र जमणार नाही. होडी जवळ गेल्याने घरट्यावरची गरुडाची जोडी उठली की अंडी-पिल्लं उन्हात आणि कावळ्यांपुढे उघडी पडतात. त्यासाठी स्टार कापलात तर कापा.

पुन्हा आलात तर निघण्याआधी जेट्टीवर अर्धा तास सेटिंग लावून देऊ, त्याचे पैसे नाहीत. फक्त एसी खोलीतून आणलेली बॅग, आतलं सामान बाहेरच्या हवेइतकं कोमट होईपर्यंत उघडू नका. आपल्या दमट हवेत गार लेन्सवर लगेच वाफ धरते.