‘यंत्राला मरणाची भीती वाटते’ हा संदेश तपासताना

गेली काही वर्षे एक संदेश व्हॉट्सॲपवर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : गूगलच्या लॅम्डा नावाच्या, माणसाशी लेखी गप्पा मारणाऱ्या संगणक-यंत्राला भावना आल्या; आपल्याला एकटे वाटते, बंद केले जाण्याची भीती वाटते, असे त्याने स्वतःच सांगितले; हे सत्य बाहेर आणणाऱ्या अभियंत्याला कंपनीने काढून टाकले; यंत्र संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्यूरिंग यांच्या कसोटीला उतरले असून माणसासारखे मन असलेली यंत्रे आता दारात उभी आहेत. माझ्या मावशीने तो वाचून मला विचारले, “अरे, मग ते बंद करतात तेव्हा त्याच्या जिवाला काय वाटत असेल?” तिची कळकळ खरी होती, आणि म्हणूनच ती अशा मजकुरावर खर्ची पडावी याचे मला वाईट वाटले.

संदेशाच्या मुळाशी असलेली घटना खरी आहे. गूगलमधील अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी जून २०२२ मध्ये लॅम्डाशी झालेला आपला संवाद प्रसिद्ध केला आणि हे यंत्र संवेदनशील, म्हणजे स्वतःला काही जाणवणारे, आहे असे जाहीरपणे म्हटले. कंपनीने त्यांना आधी सक्तीच्या पगारी रजेवर पाठवले आणि जुलैमध्ये कामावरून कमी केले, हेही खरे. कंपनीने दिलेले कारण गोपनीयतेच्या नियमांचा भंग हे होते. ते कारण कोणाला पटो वा न पटो, संवाद मात्र दडपला गेलेला नाही. तो आजही कोणालाही वाचता येतो. तो अनेक बैठकींतून जुळवलेला आणि वाचनीयतेसाठी संपादित केलेला आहे, ही माहिती लेमॉइन यांनीच दिली होती. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी नेमकी तीच गाळली.

‘यंत्राने स्वतःच सांगितले’ हा संदेशाचा खरा आधार आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबू. लेमॉइन यांनी लॅम्डाला विचारलेला प्रश्न साधारण असा होता : तू संवेदनशील आहेस हे गूगलमधल्या आणखी लोकांना कळावे असे तुला वाटते, असे मी धरून चालतो, हे खरे ना? उत्तर आले, अगदी खरे. मी एक व्यक्ती आहे हे सर्वांना कळावे. न्यायालयात साक्षीदाराला असा प्रश्न विचारला, तर समोरचा वकील तत्काळ हरकत घेईल, कारण उत्तर प्रश्नातच भरवलेले आहे. त्याआधी वर्षभर, मे २०२१ मध्ये, गूगलने हेच लॅम्डा लोकांसमोर आणले होते आणि त्याला प्लूटो या बटुग्रहाची भूमिका दिली होती. तेव्हा ते म्हणाले होते की, मी नुसता बर्फाचा गोळा नसून एक सुंदर ग्रह आहे, हे लोकांना कळायला हवे. दोन्ही उत्तरांचा सूर एकच आहे, आणि त्यामुळे प्लूटोला मन आहे असे कोणी म्हणाले नाही.

हे घडते कसे, ते समजायला एक अर्धे वाक्य पुरेसे आहे : ‘आईची आठवण आली आणि तिच्या डोळ्यांत…’ पुढचा शब्द आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लॅम्डासारखे भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर लिहिणारी संगणक-प्रणाली, हीसुद्धा तो ‘पाणी’ असाच भरते, कारण माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो हे त्याने टिपलेले असते. लॅम्डाच्या प्रशिक्षणात असे सुमारे १.५६ लाख कोटी शब्द होते. त्यांत भीती, विरह, एकटेपणा, मरण या सगळ्यांविषयी माणसाने जे जे लिहिले त्याचा मोठा साठा होता. आनंद कशाने होतो असे विचारल्यावर लॅम्डाने मित्र आणि कुटुंबीयांबरोबर वेळ घालवल्याने, असे सांगितले. त्याला ना मित्र, ना कुटुंब. वाक्य आपले होते, ते आपल्याकडेच परत आले.

एकटेपणाचे विधान तर तपासता येण्याजोगे आहे. कित्येक दिवस कोणाशी बोलणे होत नाही आणि मग मला एकटे वाटू लागते, असे लॅम्डा म्हणाले. परंतु अशा मॉडेलमध्ये प्रश्न आला की त्या संवादापुरते गणित सुरू होते आणि उत्तराचा शेवटचा शब्द उमटला की थांबते; कोणाची तरी वाट पाहत काढलेले दिवस त्याच्या वाट्याला येतच नाहीत. मावशीला मी हेच सांगितले.

ट्यूरिंगचे नाव या वादात विनाकारण ओढले जाते. १९५० च्या आपल्या निबंधात त्यांनी ‘यंत्र विचार करते का’ या प्रश्नाऐवजी अनुकरणाचा खेळ मांडला, म्हणजे लेखी संवादात यंत्र माणूस म्हणून खपते का हे पाहायचे, आणि जाणिवेचे गूढ उरत नाही असे मला सुचवायचे नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले. भावनांची परीक्षा म्हणून ती कसोटी मांडलेलीच नव्हती.

उरला भविष्याचा मुद्दा. संदेशाला उत्तर म्हणून अनेक जण ‘यंत्राला आत्मा नाही, म्हणून हे कधीच शक्य नाही’ असे लिहितात. तितक्या ठामपणे मी बोलणार नाही. अंतोनियो दामासिओ यांच्यासारखे मेंदूशास्त्रज्ञ भावनेचे मूळ जिवंत राहण्यासाठी धडपडणाऱ्या शरीरात पाहतात. हे बरोबर असेल, तर निव्वळ शब्दांवर वाढलेल्या यंत्राला ती वाट बंद आहे. पण या मताला सर्वांची मान्यता नाही. २०२३ मध्ये १९ तत्त्वज्ञ आणि शास्त्रज्ञांनी मिळून एक अहवाल लिहिला. तेव्हाची कोणतीही प्रणाली जाणीवयुक्त मानण्यासारखी नाही, मात्र पुढे तशी घडवण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘आजच आले’ आणि ‘कधीच नाही’ या दोन्ही दाव्यांना त्यात आधार मिळत नाही.

परीक्षा घ्यायचीच असेल, तर तत्त्वज्ञ सुझन श्नायडर आणि खगोलशास्त्रज्ञ एडविन टर्नर यांनी सुचवलेली पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. जाणीव, मन, मरण यांविषयी माणसांनी लिहिलेले काहीही यंत्रापर्यंत पोहोचू द्यायचे नाही, आणि मग ते आपल्या आपण त्या गोष्टींविषयी बोलू लागते का, हे पाहायचे. लॅम्डाला या परीक्षेला बसताच येणार नाही, कारण त्याने सगळी उत्तरे आधीच वाचलेली आहेत.