सोफ्यावरून क्वार्टरबॅक कसा मोजावा

डॅलसला राहता आणि काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल टीमच्या क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य गड्याबद्दल, तुम्हाला काही मत नाही, असं चारचौघांत सांगायची सोय नाही. मत लागतंच. आणि मत एकच असतं: डॅक प्रेस्कॉट ओव्हररेटेड आहे. ते मांडायचं कसं, एवढंच शिकायचं असतं. मी शिकवते. हे शिक्षण मला घरबसल्या मिळालं, पण फुकट नाही.

28 सप्टेंबर 2025, रविवार. डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या आमच्या घरी भोंडला होता. चारला पाटावरच्या हत्तीभोवती फेर सुरू झाला, साडेपाचपर्यंत खिरापती ओळखून झाल्या, सहाला मंडळी आपापल्या घरी जायला हवी होती. पण सात-वीसला पॅकर्सशी मॅच होती आणि आमचा टीव्ही मोठा आहे. ही बातमी कोणी फोडली ते मला ठाऊक आहे. तो माझ्याच घरात राहतो.

तर पहिला नियम, मॅच बघायची नाही. बघितली की मत बिघडतं. वाटल्या डाळीची वाटी घेऊन टीव्हीकडे पाठ करून बसा आणि आवाज झाला की मान न वळवता विचारा, "काय, परत इंटरसेप्शन?" म्हणजे याचा पास परत समोरच्या टीमने पकडला का. टचडाउन, म्हणजे फुटबॉलमधला गोल, झाला असेल तर म्हणा, "रिसीव्हर (पास झेलणारा) भारी आहे हो." रिसीव्हरच्या हातातून बॉल सुटला तर म्हणा, "पासच वाईट होता."

ओव्हररेटेड म्हणायचं, पण कोणी जास्त भाव दिला, किती दिला आणि खरा भाव काय, हे मात्र कधी सांगू नका. मंडईत मेथीची जुडी महाग म्हटलं तर भाजीवाली विचारते, "मग तुम्ही काय देता?" इथे कोणी विचारत नाही.

घरची बाई 2016 पासून एकही मॅच चुकवत नसली तरी तिला विचारा, "वहिनी, तुम्हाला ते डाउन-बिउन कळतं का?" आणि लगेच चहाचं बघा म्हणावं.

प्रात्यक्षिक हवंच. आमच्याकडे एका काकांनी काचेच्या टीपॉयवर उकडलेल्या शेंगांचे पाच दाणे ओळीने मांडले. ही ओ-लाइन, क्वार्टरबॅकला वाचवणारी भिंत; तिच्यामागची जागा म्हणजे पॉकेट. मागे एक काजू. हा डॅक. "आता पॉकेट कोसळतंय," असं म्हणत त्यांनी दाणे बोटाने बाजूला सारले, "आणि हा बघा, उभाच! बॉल सोडत नाही!" काजू खरोखर सोडत नव्हता. मग त्यांनी तो खाल्ला. क्वार्टरबॅक असा बॉलसकट पडला की याला सॅक म्हणतात.

(आणि एका महाशयांनी नवरात्राच्या उपासाला बिअर चालते का ते मला विचारलं. तो वेगळा लेख होईल.)

आता ब्रह्मास्त्र. सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणाऱ्याला अंगठी मिळते, तीच रिंग. "रिंग कुठे आहे?" हे तीन शब्द आले की पलीकडच्या माणसाने निमूट डाळ खायची असते. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, डॅकने दोन जिंकल्या, पाच हरल्या, विषय संपला. जानेवारी 2022 मध्ये फॉर्टीनाइनर्ससमोर 23-17 ने मागे, 14 सेकंद उरलेली, टाइमआउट एकही नाही, आणि गडी पास टाकायचा सोडून स्वतःच पळत सुटला. पंचाचा हात बॉलला लागून पुढचा डाव सुरू होईपर्यंत घड्याळ संपलं. त्या दिवशी रिमोट मीही आपटला होता, खोटं कशाला बोलू. 2024 च्या जानेवारीत याच पॅकर्सनी घरच्या मैदानावर 48-32 ने धुतलं, त्यात डॅकचे दोन इंटरसेप्शन, त्यातला एक तर त्यांनी थेट टचडाउनसाठी परत आणला. हे सगळं मान्य. पण काउबॉइजनी शेवटचा सुपर बोल जिंकला जानेवारी 1996 मध्ये, आणि त्यानंतर ते कॉन्फरन्सच्या फायनललासुद्धा, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या पायरीलासुद्धा, पोचलेले नाहीत. तेव्हा डॅक अडीच वर्षांचा होता हो! अडीच! तो 2016 साली आला, चौथ्या फेरीत, 135 वा, तेव्हा दुष्काळाला वीस वर्षं होऊन गेली होती. आधीचा क्वार्टरबॅक टोनी रोमो, त्याची पाठ धरली म्हणून त्याला उभा केला, तर पोराने पहिल्याच वर्षी 13 मॅचेस जिंकून दिल्या. या सगळ्या काळात जे एक नाव बदललेलं नाही ते मालकाचं. जेरी जोन्सनी 1989 मध्ये टीम घेतली, जनरल मॅनेजरही तेच, खेळाडू निवडणारेही तेच. या मॅचच्या महिनाभर आधी, ऑगस्टच्या शेवटी, आपल्या घरी गणपती बसून एक दिवस झाला होता, तेव्हा मायका पार्सन्ससारखा बचावातला वाघ त्यांनी पॅकर्सना देऊन टाकला. ते ओव्हररेटेड नाहीत? नाही, त्यांना बोलायचं नाही. मालक आहेत ना. ऑफिसात व्हीपीला बोलत नाही आपण, तसंच. टेस्टिंगवाल्याला बोलायचं.

आणि रिंगच मोजायची तर नीट मोजा. डॅन मरिनो एवढा थोर क्वार्टरबॅक, त्याच्याकडे एकही नाही. साध्याच क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरकडे आहे, आणि ती मिळवून दिल्यावर लगेच रेव्हन्सनी त्याला नारळ दिला. मग डिल्फर थोर का? "ब्रेडीकडे सात आहेत" हे वाक्य तर दर वीस मिनिटांनी यायचं. त्या टॉम ब्रेडीची, क्वार्टरबॅकांतल्या देवाची, शेवटची मॅच कोणी संपवली? जानेवारी 2023, टॅम्पा, 31-14. चार टचडाउन पास आणि एक स्वतः पळून. कोणी टाकले ते काजूला विचारा.

डॅकच्या पगाराचा मुद्दा तेवढा खरा आहे. वर्षाला 60 मिलियन डॉलर म्हणजे चेष्टा नव्हे. प्रत्येक टीमच्या एकूण पगाराला लीगने मर्यादा घातली आहे, 2024 मध्ये ती साधारण 255 मिलियन होती. त्यातला एवढा वाटा एकाच्या पानात पडला की बाकीच्यांच्या पानात आमटीच जास्त. यावर तासभर वाद घाला, मी चहा करून देते. पण आमच्याकडे मुद्दा काय आला? "मला देऊ देत 60 मिलियन, मी पण बॉल फेकतो." गृहस्थांना आदल्याच आठवड्यात गॅरेजचं दार उघडताना खांद्यात उसण भरली होती.

मूळचा रोग फुटबॉलचा नाहीच म्हणा. हीच मंडळी 1999 मध्ये चेन्नईची टेस्ट बघून म्हणत होती, "सचिन ऐन वेळी जातो." पाठ धरलेली असताना 136 काढले त्याने. तो बाद झाला तेव्हा 17 धावा हव्या होत्या आणि उरलेल्या तीन विकेट चार धावांत गेल्या. खापर कोणाच्या डोक्यावर? बरोबर. सामान बांधून समुद्र ओलांडला, खापरही सोबत आणलंत. डोकं तेवढं बदललं.

त्या रात्री मॅच 40-40 झाली. बरोबरीत सुटली. डॅकने 319 यार्ड, तीन टचडाउन पास आणि एक टचडाउन स्वतः पळून केला. शेवटचं मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा रिसीव्हर पिकन्सला पास टाकून आघाडी मिळवून दिली, ती आपल्या बचावाने घालवली. ओव्हरटाइममध्ये परत आघाडी, परत घालवली. आणि टीव्हीकडे पाठ असलेला माणूस म्हणतो, "बघा, जिंकता येत नाही याला."

इथवरही ठीक होतं. पुढे तो म्हणाला, "मेंटली सॉफ्ट आहे. मागे ते डिप्रेशनचं रडगाणं नाही का गायला!"

आता नियम-बियम बाजूला ठेवते. ऐका. त्याची आई 2013 मध्ये कॅन्सरने गेली. 2020 च्या एप्रिलमध्ये मोठ्या भावाने आत्महत्या केली. त्या सप्टेंबरमध्ये तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला की मला नैराश्य आलं होतं. तेव्हाही टीव्हीवरचा एक पंडित असंच काहीतरी बरळला होता आणि देशभर त्याची छी-थू झाली. महिन्याभरात घोट्याचे तुकडे झाले, पाऊल वाकडं लोंबताना सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या सीझनला तो उभा होता. हा सॉफ्ट? आणि आपण कोण? लेऑफ झाल्यावर महिनाभर लॅपटॉपची बॅग घेऊन लायब्ररीत जाऊन बसणारे, आईला फोनवर "सगळं मस्त चाललंय" सांगणारे आपल्यात काय कमी आहेत? आपल्याला तोंडातून अक्षर काढता येत नाही, आणि जो बोलला त्याला हसता? तेही कोणासमोर, तर जिन्यावर डॅकची चार नंबरची जर्सी घालून बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलासमोर? त्याने काय शिकायचं, की वाईट वाटलं तरी घरात सांगायचं नाही, काका हसतात? लाज वाटायला हवी होती. निदान आवाज तरी खाली यायला हवा होता. पाऊण वाजेपर्यंत आला नाही.

सकाळी टीपॉय पुसताना सोफ्याखाली दोन दाणे सापडले. लेफ्ट टॅकल आणि सेंटर असावेत.

पुढच्या वर्षी भोंडला शनिवारी. शनिवारी कॉलेज फुटबॉल असतं, हो, माहीत आहे मला. टीव्हीची वायर आदल्या रात्रीच काढून माझ्या पर्समध्ये ठेवणार आहे.