धावण्याने माजी सैनिक सावरतो, पण सांगितले जाते त्या कारणाने नव्हे

सैन्यातून बाहेर पडलेल्या माणसांविषयी एक संदेश समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : माजी सैनिकाला समुपदेशकाची गरज नसते, त्याला फक्त धावायचे बूट हवेत, त्याचे शरीर आधीच तयार असते, दुखणे हा मनाचा खेळ आहे, अंतर जितके लांब तितका माणूस कणखर, आणि शर्यत पूर्ण केली की हरवलेले ध्येय परत मिळते. लांब पल्ल्याचे धावणे सेवेनंतरच्या आयुष्याला आधार देऊ शकते, याबद्दल माझे दुमत नाही. तो आधार कशातून मिळतो, हे मात्र या संदेशाला उमगलेले नाही.

शरीर तयार असते, हे अर्धेच खरे आहे आणि अपाय त्या अर्ध्या सत्यामुळेच होतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत नव्या भाराला सरावतात, तर हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना कित्येक महिने लागतात. नवख्या माणसाला त्याचा दम थांबवतो; माजी सैनिकाचा दम टिकतो, त्यामुळे तो पहिल्याच महिन्यात अंतर वाढवत नेतो आणि मग एके दिवशी नडगीवर अंगठ्याने दाबले असता बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी तीव्र कळ येते. हाडाला गेलेल्या या बारीक तड्याची ओळख वैद्यकशास्त्राला सैनिकांमुळेच झाली. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टराने १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला ४० वर्षे अवकाश होता.

दुखणे मनाचा खेळ आहे, हा सल्ला तर याच वाचकाला सर्वांत कमी उपयोगाचा. सिक रिपोर्ट करणारा, म्हणजे आजारी असल्याची नोंद करून तपासणीला जाणारा, कामचुकार ठरेल, या धास्तीने दुखणे लपवण्याची सवय ज्याने वर्षानुवर्षे अंगी बाणवली, त्याला सोसायला आणखी काय शिकवायचे? त्याला शिकायचे असते ते थकवा आणि इजा यांतला फरक ओळखणे आणि वेळीच थांबणे. वेदनाशामक गोळी घेऊन लांब धावायला निघणे हा शूरपणाही नव्हे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि शरीरातले कमी झालेले पाणी मिळून मूत्रपिंडांवर ताण आणतात.

इच्छाशक्तीच्या बाजूने आलँ मिमून यांचे उदाहरण देता येईल. फ्रेंच सैन्यातला हा सैनिक १९४४ मध्ये इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत जखमी झाला, पाय कापण्याची वेळ आली होती, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने मॅरेथॉन जिंकली. ही कथा खरी आहे. मात्र मधली १२ वर्षे गाळूनच ती सांगितली जाते. त्या काळात त्याने १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून तीन रौप्यपदके मिळवली आणि तिन्ही वेळा चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक त्याच्या पुढे होता. पुन्हा पुन्हा दुसरा येऊनही सराव चालू ठेवणे, याला मी कणखरपणा म्हणेन. अंतर वाढवत नेण्याने तो आपोआप येत नाही.

समुपदेशकाविषयीचा दावा सर्वांत घातक आहे. नियमित व्यायामाने नैराश्य आणि चिंता यांची लक्षणे कमी होतात, याला चांगला आधार आहे. परंतु युद्धातल्या आघाताच्या स्मृती ज्याला छळतात, त्याच्यासाठी त्या आघातावरच केंद्रित असलेले मानसोपचार हा मुख्य उपचार आहे आणि धावणे त्याला पूरक ठरते. धावताना वाढणारे ठोके, घाम आणि धाप ही भीतीच्या झटक्याचीही लक्षणे असतात, म्हणून काहींना सुरुवातीला धावणेच नकोसे होते. ती लक्षणे सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा अनुभवून त्यांची धास्ती ओसरू शकते. उलट, झोप येत नाही म्हणून मध्यरात्री एकटाच निर्मनुष्य रस्त्यांवर धावणारा माणूस बाहेरून शिस्तबद्ध दिसतो, पण कदाचित तो माणसे टाळत असतो. अशा माणसाला फक्त बूट द्या, असे म्हणणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे आहे.

राहिला ध्येयाचा मुद्दा. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन, सुमारे ९० किलोमीटरची, पहिल्या महायुद्धात लढलेल्या विक क्लॅपहॅम या इंजिनचालकाने सुरू केली. त्याला विक्रम करायचा नव्हता. पूर्व आफ्रिकेतल्या खडतर कूचीत सोबत असलेल्या आणि युद्धात मेलेल्या साथीदारांचे स्मारक हवे होते. आधी परवानगी नाकारली गेली, तरी त्याने मागणी सोडली नाही. अखेर २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले आणि १६ जणांनी अंतर पूर्ण केले. धावण्याला अर्थ होता तो त्या साथीदारांमुळे, आणि सेवा सुटल्यावर नेमके तेच तुटते : ठरलेली वेळ, उद्याचे काम, आपण न आल्यास विचारणारे कुणीतरी. आठवड्यातून ठरावीक दिवशी जमणारा धावपटूंचा गट यांतले बरेच काही परत देतो. पदक ते देत नाही. शर्यतीनंतरच्या आठवड्यात अनेकांना जी पोकळी जाणवते, ती माजी सैनिकाला दुसऱ्यांदा निवृत्त झाल्यासारखी वाटू शकते. म्हणून नोंदणी करतानाच, शर्यतीनंतरच्या आठवड्यात आपण कुणासोबत आणि कोणासाठी धावणार आहोत, हेही ठरवून ठेवणे बरे. नवख्यांसाठी वेग राखून धावणाऱ्या पेसरचे काम त्यासाठी फार सोयीचे आहे.