प्लॉट विकायचाय? आधी गवत कापा

प्लॉट विकायचं ठरलंच असेल तर पहिलं काम म्हणजे तो नेमका कुठे आहे ते शोधा. हसू नका. अमेरिकेतल्या तळी-गोल्फवाल्या वसाहतींत ज्यांनी मोकळे प्लॉट घेऊन ठेवलेत, त्यांतल्या कित्येकांनी आपली जमीन जन्मात एकदाच पाहिलेली असते, आणि तीही विकणाऱ्याच्या गाडीच्या काचेतून. मीही तशीच पाहिली. विकणारे वयस्कर गृहस्थ होते. गाडी सावकाश चालवत होते आणि बोट सारखं तळ्याकडे दाखवत होते. तळं खरंच सुंदर होतं. प्लॉट तळ्यापासून दीड मैलावर होता, हे नकाशा उलगडल्यावर कळलं, आणि नकाशा उलगडला तो पैसे दिल्यावर.

विकायची वेळ आली तेव्हा मी एकटाच तिथे गेलो. सगळी झाडं सारखी, सगळा पाचोळा सारखा. तासाभराने मोजणीवाल्याने ठोकलेली लोखंडी कांब सापडली. तिला बांधलेली गुलाबी फीत उन्हाने पांढरी पडली होती. कांबेवर हात ठेवून, आपली जमीन म्हणून जरा वेळ उभा राहिलो. पायावर मुंग्या चढल्या, पण ऊर काही भरून आला नाही. ती कांब शेजारच्या प्लॉटची होती, हे नंतर समजलं.

आता आपण काय विकतोय ते नीट समजून घ्या. मालकांची संघटना असलेल्या वसाहतीत जमीन ही वर्गणीबरोबर मिळणारी भेटवस्तू असते. आर्कान्सामधलं बेला व्हिस्टा 1965 सालचं, हॉट स्प्रिंग्ज व्हिलेज 1970 सालचं. अशा ठिकाणी हजारोंनी प्लॉट पाडले गेले आणि रस्ते, तळी, गोल्फची मैदानं सांभाळायला संघटना आली. तुम्ही गोल्फ खेळत नाही? हरकत नाही, वर्गणी खेळते. नियमांची चोपडी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात नोंदवलेली असते आणि तिच्यातल्या अटी माणसाला नव्हे, जमिनीला चिकटतात. माणसं येतात, जातात, वारतात. अटी अमर.

ही चोपडी ग्राहकाच्या हाती लवकर देऊ नका. गेल्या शतकात पन्नास-साठच्या दशकांत असे प्लॉट पोस्टाने आणि फुकटच्या सहली काढून इतके विकले गेले, त्यात दलदली आणि वाळवंटंही इतकी खपली, की 1968 साली खास कायदा करावा लागला. मोठ्या विकासकाने ग्राहकाला छापील अहवाल द्यायचा. आता तर सही केल्यावर सात दिवसांत ग्राहकाला करार मोडताही येतो. एका प्लॉटच्या सुट्या मालकावर मात्र ते बंधन नाही. सरकारने तुमच्यावर केवढा विश्वास टाकलाय बघा! फ्लोरिडासारखं एखादं राज्य मध्येच खोडा घालतं. तिथे संघटनेबद्दलचा खुलासा करार होण्याआधी दिला नाही, तर ग्राहक करार रद्द करू शकतो. अशी राज्यं शक्यतो टाळा. प्लॉट तिथेच असेल तर नशीब.

किंमत ठरवणं सोपं आहे. घेतलेली किंमत मांडा, त्यात आजवरची वर्गणी मिळवा, मालमत्ता कर मिळवा, मनःस्तापाचे वेगळे धरा, आणि येईल तो आकडा जाहिरातीत टाका. त्याच रस्त्यावरचे चाळीस प्लॉट त्याच्या दहाव्या हिश्शाला पडून आहेत, तिकडे बघू नका. ते लोक हताश आहेत, तुम्ही नाही. निदान पहिली तीन वर्षं नाही. आणि ज्याचं घर तुमच्या प्लॉटला लागून आहे त्याला चुकूनही पत्र घालू नका. तुमची जागा कुणाला हवीशी वाटण्याचा साऱ्या पृथ्वीवर सर्वांत जास्त संभव त्याच्याच बाबतीत. इतक्या सरळ ग्राहकात मौज ती काय?

पाटी लावण्याआधी संघटनेला विचारा. पाटी किती इंचांची, कुठल्या रंगाची, मुळात लावायची की नाही, हे समिती ठरवते. बऱ्याच ठिकाणी मोकळ्या प्लॉटवर ‘विकणे आहे’ म्हणायलाच मनाई असते, कारण त्याने वसाहतीची शोभा जाते. चाळीस प्लॉट विकायला आहेत हे कुणाला दिसलं नाही, म्हणजे ते विकायला नाहीतच!

गवताचं मात्र मनावर घ्या. एके दिवशी संघटनेचं पत्र येतं. मला आलं त्यात रंगीत फोटो होता: मधोमध गवत, गवतात उभी खोचलेली लाकडी मोजपट्टी आणि पट्टीच्या 14व्या इंचावर टेकलेलं एक पातं. नियम 12 इंचांचा. फोटो काढणाऱ्याने त्या एका पात्यासाठी गुडघे टेकले असणार, इतका तो नेमका होता. माझ्या घरच्या कुणी माझ्या कुठल्याही कामाकडे इतक्या बारकाईने पाहिल्याचं मला स्मरत नाही. पत्राच्या तळाशी गवत कापणाऱ्यांची यादी होती. मी उत्तर लिहिलं की हा प्लॉट माझा नाही, शेजारचा आहे. त्यांनी सोबत नकाशा पाठवला. यावेळी प्लॉट माझाच होता. माझी जमीन मला अशी सापडली.

विक्री जवळ आली की संघटनेकडून दाखला लागतो: थकबाकी किती, दंड किती, कुठला नियम मोडलाय, नव्या मालकाकडून नाव-बदलाचे किती घेणार. टेक्सासात या दाखल्याला जास्तीत जास्त 375 डॉलर घेता येतात, तो ताजा करून द्यायला आणखी 75, आणि द्यायची मुदत कामाचे 10 दिवस. म्हणून तो अगदी शेवटच्या आठवड्यात मागवा. आधी मागवला तर थकबाकी आधीच कळेल आणि शांतपणे भरता येईल. शेवटी मागवलात तर व्यवहाराच्या टेबलावर सगळ्यांसमोर ती चौदा इंचांची हकीकत मोठ्याने वाचली जाईल.

ग्राहकाची स्वप्नं तोडू नका, ती समिती तोडते. त्याला वाटतं, तूर्त शनिवार-रविवारी तंबू ठोकू. तंबूला मनाई. मग चाकांवरचं घर आणून उभं करू. मनाई. निदान अवजारांची खोली? घराआधी खोली नाही. मग घरच बांधू म्हटलं, तर किमान इतक्या चौरस फुटांचं, छपराचा रंग समितीने पास केलेला. जिथे सांडपाण्याची सरकारी वाहिनी नाही, तिथे सांडपाणी जमिनीतच मुरवायचं, म्हणून माती पाणी किती शोषते याची चाचणी होते. ती नापास झाली तर घरही नाही. म्हणजे घराशिवाय काही करता येत नाही आणि घर बांधता येत नाही. वर्गणी मात्र भरता येते. तिला कुठेही मनाई नाही.

बँका असल्या जमिनीवर कर्ज द्यायला नाखूश असतात, म्हणून तुम्हीच ग्राहकाला हप्ते बांधून द्या. तो सहा हप्ते भरेल, सातव्याला फोन उचलणार नाही, आणि ये रे माझ्या मागल्या. प्लॉट परत तुमच्या दारात, सोबत मधल्या काळातली वर्गणी.

फुकट देऊन मोकळं व्हावं असंही मनात येतं. संस्थेला दान करा. संस्था पहिला प्रश्न वर्गणीचा विचारते. संघटनेलाच परत द्या. ती म्हणते, आम्ही घेतला तर वर्गणी कोण भरणार? बिनतोड. कुणाच्या तरी नावाने हक्कसोड करून टाका. घेणारा राजी हवा. पैसे भरणंच थांबवा. मग प्लॉटवर बोजा चढतो, वसुलीवाल्यांची पत्रं येतात आणि पुष्कळ राज्यांत संघटना जप्तीपर्यंत जाऊ शकते. कराच्या लिलावात कुणी घेतलाच, तरी अनेक राज्यांत अटी जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जातात. नवा भिडू, तीच वर्गणी.

एवढ्यात फोन येईल. तुमच्या प्लॉटला परदेशी ग्राहक आहे, रोख घेतोय, भाव तुम्ही सांगाल तो. फक्त कागदपत्रांचे थोडे पैसे आधी पाठवा. लगेच पाठवा. तुमच्या प्लॉटला कुणीतरी चांगला म्हटलं, याचे पैसे पडायचेच. दुसऱ्या जातीचे ठग याहून हुशार. बिनकर्जाचा मोकळा प्लॉट आणि दूर राहणारा मालक काउंटीच्या नोंदींत हेरायचा आणि स्वतःच मालक म्हणून उभं राहून जमीन विकायची. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, त्याला निदान भाऊंसारखं दिसावं लागलं. या तोतयांना ईमेल पुरतो. अशा विक्रीबद्दल वाचलं तेव्हा मला रागाआधी कुतूहल वाटलं: याला ग्राहक मिळाला कसा?

तुम्ही अमेरिका सोडून कायमचे परत आला असाल, तिथल्या कराच्या हिशेबात परदेशी ठरला असाल, तर आणखी एक. ग्राहकाने किमतीच्या 15 टक्के रक्कम कापून तिथल्या करखात्याकडे भरायची असते. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. निम्म्या भावात विकलंत तरी. ग्राहकाने स्वतः राहायला घेतलेलं घर 3,00,000 डॉलरपर्यंतचं असेल तर यातून सूट मिळते. मोकळ्या प्लॉटला नाही, कारण त्यात कुणी राहत नाही. (राहू देत नाहीत, हा मुद्दा करखात्यापुढे चालत नाही.) कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मागता येतात. भिजत घोंगडं हवंच असेल तर हे उत्तम.

आणि शेवटी, सगळं जमत आलं की ग्राहक एक प्रश्न विचारतो. हटकून विचारतो: इतकी छान जागा, तर तुम्ही का विकताय?

उत्तर पाठ हवं. मीही त्या गाडीत हाच प्रश्न विचारला होता. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, तळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मुलं लांब राहतात हो. आता येणं होत नाही.” मला गलबलून आलं. मी दोन हजार डॉलर जास्त दिले.

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं प्लॉट पाहायला आलं होतं. मी गाडी सावकाश चालवली, तळ्यापाशी थांबवली. बाईंनी विचारलंच. मी थोडा वेळ गप्प राहिलो, तळ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, मुलं लांब राहतात.

मला मूलबाळ नाही.