जन्मठेपेची जोडी

मुलगा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला तेव्हा मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की पठ्ठ्या मागे माशांची तीन फुटी टाकी, एक एअर पंप, चार टायगर बार्ब, एक सकर आणि कैद्यांची एक जोडी ठेवून गेलाय. मग रडायला सवड मिळाली नाही.

कैदी मी म्हणत नाही, त्या माशांचं नावच कन्व्हिक्ट. राखाडी अंगावर काळे उभे पट्टे, कैद्याच्या सदऱ्यासारखे. मूळ गाव मध्य अमेरिका, कुळ सिक्लिड. आमच्या स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो 'चिचलिड'. मुलगा दर वेळी त्याचा उच्चार सुधारायचा आणि तो दर वेळी 'हां, तेच, चिचलिड' म्हणून पिशवीला रबर लावायचा.

"आई, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाक, बास," इतकीच सूचना होती. बाकीचा अभ्यासक्रम फोनवरून, हप्त्याहप्त्याने आला.

पहिल्या आठवड्यात चारही बार्ब फिल्टरमागच्या कोपऱ्यात, मेंटेनन्स थकवलेली माणसं सोसायटीच्या मीटिंगला बसतात तसे अंग चोरून उभे. सकर काचेला चिकटून मेल्याचं सोंग घेतोय. उरलेली पावणेतीन फूट जागा त्या दोघांची. खाली अंथरलेली वाळू तोंडात भरभरून त्यांनी एका बाजूला ओतली होती, आणि मुलाने हौसेने लावलेली झाडं उपटून वर तरंगत ठेवली होती.

"आई, त्या आडव्या कुंडीत बघ जरा."

बघितलं. मातीच्या कुंडीच्या आत, छताला, राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा चिकटवावा तशी अंडी. मादी पंखाने त्यांना वारा घालत होती. मादी म्हणजे आकाराने लहान, पोटावर केशरी झाक असलेली. केशरी झाक दिसली की हात लांब ठेवायचा, हे मला उशिरा कळलं.

कळलं ते पाणी बदलताना. टाकीत शंभरावर लिटर पाणी, त्यातलं तिसरा हिस्सा दर आठवड्याला काढायचं, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बादल्या ओतायच्या. (आमच्या बाथरूममध्ये तेव्हापासून आंघोळीला उभं राहायला एकच लादी मोकळी आहे.) मी पाइप धरून हात आत घातला. अडीच इंचाची ती बाई कुंडीतून सुटली ती थेट माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात. रक्त आलं नाही, पण मी असा हात खेचला की पाइपचं दुसरं टोक बादलीतून सुटलं आणि पाणी हॉलभर, सासूबाईंच्या जपाच्या पाटाखालपर्यंत. तेव्हापासून माझ्या एका हातात पाइप असतो आणि दुसऱ्यात झारा. झाऱ्याशी ती भांडत बसते, तेवढ्यात मी उरकून घेते.

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी टाकीकडे सुरुवातीपासून स्वयंपाकाच्याच नजरेने पाहिलं. एकदा बराच वेळ निरखून म्हणाल्या, "गो, ह्यो कालुंदराच्या घराण्यातलो दिसता." मी हसले. मुलाला विचारलं, तर आजीचं खरं निघालं! आपला खाडीतला कालुंदर सिक्लिडच. "मग तळूक कित्या नाय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्रावण होता म्हणून बचावले.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. आधी नुसत्या वळवळणाऱ्या शेपट्या, मग चार-पाच दिवसांनी सगळी पिल्लं एकदम ढगासारखी तरंगायला लागली. शे-दीडशे तरी असतील. फोनवर नवा हप्ता: "उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घाल." श्रावणी सोमवारी, साबुदाणा भिजत असताना, मी दार लावून अंडं उकडलं. वास लपला नाही. सासूबाई आल्या, बघितलं, आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

संध्याकाळी नराने एक चुकार पिल्लू गटकन तोंडात घेतलं. मी किंचाळले. त्याने शांतपणे कुंडीशी जाऊन 'थू' करून ते घोळक्यात सोडलं. मग दुसरं आणलं, मग तिसरं. दिवे लागायच्या वेळी पोरं घरात गोळा करणं चाललं होतं. सासूबाई हललेल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हो बापूस बघ, पोरांक सोडून हलना नाय. तुजो सासरो चवथीक येय, विसर्जन झाला की परत मिलीत." त्या दिवसापासून तळण्याचा विषय बंद.

संक्रांतीपर्यंत चौथी वीण झाली. बार्ब शेजाऱ्यांकडे आश्रयाला गेले. दुकानदार फुकटही पिल्लं घेईना: "चिचलिड नको ताई, जागा नाय." हळदीकुंकवाला मी वाण म्हणून पिशवीत दोन-दोन पिल्लं द्यायला काढली. बायकांनी तिळगूळ घेतला, पिशव्या फ्रिजवर विसरल्या. तलावात सोडायचं कोणीतरी सुचवलं, तर मुलगा फोनवर ओरडला. चिलापीही याच कुळातली, मूळची आफ्रिकेची. 1952 साली भारतात आणली आणि आता उजनीत जाळं टाकलं की चिलापीच येते. आपल्या हातून तसं पाप नको.

शेवटी मी प्लॅस्टिकची जाळी आणली आणि टाकीचे दोन भाग केले. इकडे तो, तिकडे ती. नर दिवसभर जाळीला तोंड लावून उभा. दाण्यांकडेही बघेना. घरात कोणी मोठ्याने बोलेना. सासूबाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर जाळी घडी करून टीपॉयवर, खाली पेपर घालून व्यवस्थित वाळत ठेवलेली. कुंडीत राजगिऱ्याचा ताजा लाडू.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी जपमाळ हातात घेतली.

"मिया नाय काढलंय," त्या म्हणाल्या. "आणि गो, अंडां हाडलंस काय?"