डाग आधीपासून आहेत

पावती अजून माझ्या पाकिटात आहे. म्हापशाच्या फ्रेमवाल्याने निळ्या बॉलपेनने तिच्यावर लिहिलंय : 'डाग आधीपासून आहेत. दुकान जबाबदार नाही.' खाली माझी सही.

डाग आधीपासूनच होते हो! त्यांचेच तर साडेतीन हजार मोजले होते. पणजीत, फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतल्या एका गल्लीत, एका प्रिंटसाठी. शिंपल्यांच्या खिडक्यांचं जुनं घर, पिवळट कडा आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल, सगळं छापलेलं. दुकानातली मुलगी म्हणाली, हे 'जिक्ले', म्हणजे उंची इंकजेट प्रिंट, शंभर टक्के सुती कागद, पिगमेंटची शाई, वर्षानुवर्षं फिकं पडणार नाही. म्हणजे माझ्या पश्चात नातवंडंही तो चहाचा डाग पुसत बसणार.

फ्रेमवाल्याने प्रिंट काउंटरवर पसरली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पावसात घेऊन हिंडलो होतो.

"भिजलें न्ही हें?"

"नाही, ते डिझाईन आहे."

"डाग डिझाईन?"

"जुनं दिसावं म्हणून."

"नवें आसा मूं?"

"नवंच आहे."

"मग जुनें कित्याक?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. शेजारी एक आजी नवऱ्याचा फोटो फ्रेम करायला घेऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पाव घांस पुता, पावाचो मोव भाग. डाग वतले." पावाने चित्र घासायचं! मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पोटापेक्षा चित्राला पाव खाऊ घालण्याची त्यांना सवय असावी.

आमच्या घरात खरं जुनं चित्र होतं. आजीच्या देवघरातली सरस्वती, रविवर्म्याच्या छापखान्यातली. 1894 साली मुंबईत त्याने तो काढला, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्रं छापली आणि राजवाड्यातल्या देव्या गोरगरिबांच्या भिंतीवर आणल्या. आमच्या सरस्वतीला खरेखुरे डाग होते : धूप, तेल, आमच्या पावसाळ्याची बुरशी. घराला रंग काढताना वडिलांनी ती भंगारवाल्याला दिली. काचेचे वेगळे पैसे मिळाले म्हणून खूशही होते. त्याच महिन्यात आमच्या शिंपल्यांच्या खिडक्याही गेल्या आणि अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग आली. तेव्हा कुणी हळहळलं नाही, मीसुद्धा नाही. आता त्याच खिडकीचं चित्र साडेतीन हजारांना घेऊन तिच्याच जागी टांगायला निघालोय. यात चीड कुणाची करायची, तेच कळत नाही. दिल्ली-मुंबईहून घर घ्यायला येणाऱ्यांवर ढकलावी म्हटलं तर भंगारवाल्याला हाक मारणारा आवाज आमच्याच पडवीतून गेला होता.

असो. सही केली, ॲडव्हान्स दिला. चार दिवसांनी गेलो तर फ्रेम झकास. सागवानी पट्टी, काच लख्ख. पण प्रिंटच्या खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं '17/50' नाही. उजवीकडची चित्रकाराची सहीही नाही.

"इथे आकडे होते ना?"

"व्हय, कोणें तरी पेन्सिलीन बरयिल्लें. खोडलें." वर अभिमानाने, "ताचे पयशे घेवंक ना."

पन्नासच प्रती आहेत, त्यातली माझी सतरावी, त्या आकड्याचीच किंमत असते, हे मी त्याला पाच मिनिटं समजावलं. माझा आवाज चढला होता, हे कबूल. त्याने शांतपणे ऐकलं. ज्या डागांसाठी माझी सही घेतली होती त्यांना बोटही लावलेलं नव्हतं, ते जसेच्या तसे होते. मग कानामागची पेन्सिल काढून, काचेची पट्टी सैल करत म्हणाला,

"मात्शें राव. परत बरयतां. पन्नासांतलें पयलें बरोवं? बरें दिसतलें."