मर्ढेकरांची लय म्हणजे ठेका नव्हे

सेटच्या (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेच्या) अभ्यासगटात फिरणारी एक निनावी पोस्ट भाचीने पाठवली आणि खाली विचारलं, 'मामा, उत्तरात असंच लिहू का?' नको गं बाई. पोस्टचा ऐवज थोडक्यात असा: कवी बा. सी. मर्ढेकर म्हणजे मराठीतले टी. एस. एलियट, तो इंग्रजी कवी. त्यांच्या लयसिद्धांतानुसार कवितेत नाद मुख्य, अर्थ दुय्यम. आधी सिद्धांत रचून मग त्या साच्यात त्यांनी कविता ओतल्या. उंदरांची कविता हा तसलाच प्रयोग, तिच्यात अर्थ शोधू नये. आणि या कवितांपायी त्यांना अश्लीलतेबद्दल शिक्षा झाली. शेवटी हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

यातलं सगळ्यात घातक वाक्य नाद-अर्थाचं. 'लय' शब्द दिसला की लोकांना टाळ-मृदंग ऐकू येतात. मर्ढेकरांची लय कानाची नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या त्यांच्या पुस्तकातली माध्यमाची चर्चा तेवढी वाचली तरी पुरे. चित्राचं माध्यम रंग-रेषा, संगीताचं स्वर. साहित्याचं माध्यम मात्र शब्दांचा आवाज नव्हे, त्यांचा भावनात्मक अर्थ. हे अर्थ एकमेकांशी तीन तऱ्हांनी बांधले जातात: संवाद, विरोध, समतोल. त्या बांधणीचं नाव लय. म्हणजे पोस्टने सिद्धांत नेमका उलटा टांगला आहे. अर्थ काढून घेतलात तर मर्ढेकरांच्या हिशेबाने लय उरतच नाही, नुसता छंद उरतो.

आता जिच्यात अर्थ शोधायचा नाही म्हणतात तीच कविता घ्या, 'पिपात मेले ओल्या उंदिर'. ओळ सोळा मात्रांची, आठ-आठचे दोन तुकडे. 'जगायची पण सक्ती आहे' आणि लगेच 'मरायची पण सक्ती आहे'. दोन ओळींत फरक फक्त पहिल्या दोन अक्षरांचा, 'जगा'च्या जागी 'मरा'. कानाला दोन्ही जवळजवळ एकच; नाद मुख्य असता तर दुसरी ओळ भरतीची ठरली असती. अर्थाकडून पाहिलं तर जगणं आणि मरणं हा टोकाचा विरोध, पण 'सक्ती' दोन्हीकडे तीच, त्यामुळे तो विरोध उभा राहतो आणि तिथल्या तिथे सपाट होतो. सुरुवातीलाही हेच घडतं. 'माना पडल्या' हे शब्द दोनदा येतात, एकदा 'मुरगळल्याविण' आणि एकदा आसक्तीविना. मध्ये 'ओठांवरती ओठ मिळाले'. प्रेमकवितेतली ओळ मेलेल्या उंदरांच्या तोंडांवर ठेवली आहे. पुढे ओठांवर मधाळ पोळं जमतं आणि तेही 'बेकलायटी, बेकलायटी!' त्या काळी विजेची बटणं, टेलिफोन ज्याचे बनत तो कडक, थंड, चकचकीत पदार्थ मधाला येऊन चिकटतो. मध आणि बेकलाइट यांच्यात नादाचं नातं काय? काही नाही. सगळा झगडा अर्थाचा. आणि शेवटचं 'न्हाले! न्हाले!' हे बुडून मेलेल्यांबद्दल आहे, हे विसरून वाचता येतं का?

जाता जाता: पोस्टमध्ये पहिली ओळ 'पिपात मेले ओल्या उंदीर' अशी छापली आहे. 'उंदिर' म्हणजे चार मात्रा, 'उंदीर' म्हणजे पाच. ओळ सतरा मात्रांची होऊन लंगडते. पुढे 'मुरगळल्याविण'चंही 'मुरगळल्याविना' केलं आहे, म्हणजे तिथेही एक मात्रा जास्त. नाद मुख्य म्हणणाऱ्यांनी निदान मात्रा मोजायच्या होत्या.

साच्याचा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही. सौंदर्यविचार मांडणारं 'आर्ट्स अँड मॅन' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३७चं. पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९चा, आणि त्यात बालकवी नि माधव जूलियन यांचे सूर सहज ओळखू येतात. साचा तयार होता, तर मग दोन वर्षांनी त्यातून जुनीच कविता कशी निघाली? हां, एवढं मान्य करतो की साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावरची दोन इंग्रजी व्याख्यानं १९४४ची आणि 'काही कविता' १९४७चा. तिथे विचार आणि कविता शेजारी शेजारी चालताना दिसतात.

एलियटबद्दल अर्धं खरं आहे. मर्ढेकरांनी एलियट वाचला होता, आणि एलियटच्या कवितेतही उंदीर आहेत. पण हॅम्लेटवरच्या १९१९च्या निबंधात एलियट म्हणतो ते वेगळं: भावना व्यक्त करायची तर तिला जागं करणारी वस्तू, प्रसंग, घटनांची मालिका शोधा. मर्ढेकरांची 'भावनानिष्ठ समतानता' दोन अनुभवांमधली आहे. डोळ्यांना ते सारखे दिसण्याची गरज नाही, भावनेच्या तराजूत त्यांचं वजन सारखं भरलं पाहिजे. 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने' मुंबईचं बंदर उजळत येणारी माघातली पहाट घ्या. परीक्षेत मुलं 'जणु' पाहतात, उत्प्रेक्षा लिहितात आणि पुढे सरकतात. गुण मिळतात, कविता हातची जाते. पहाट आणि गर्भवती यांच्यात दिसण्याचं साम्य शून्य. ताजेपणा, जडपणातला डौल, काहीतरी येऊ घातल्याची शांत वाट, हे दोन्हीकडे समान. उत्तरात हे लिहायचं. आणि 'न्हालेल्या' नि 'न्हाले' शेजारी ठेवून बघायचं; एकच क्रियापद, एकदा पहाटेला आणि एकदा प्रेतांना.

'सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी । तशीच गाठावी । वीज-गाडी' हे तर एलियटकडून उसनं मिळण्यासारखंच नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक: मोठा अभंग, चोख. त्या घाटात मराठी कान नामस्मरणाची वाट पाहतो आणि हाती लोकल येते.

इथेच मला, नाइलाजाने, पोस्टला थोडं द्यावं लागतं. या कवितेतला विरोध निव्वळ अर्थाअर्थातला नाही. अभंगाचा घाट कानात आधीपासून मुरलेला नसता तर तो जाणवलाच नसता. म्हणजे मर्ढेकरांनी सिद्धांतात शब्दाचा आवाज माध्यमाबाहेर ठेवला, पण कविता लिहिताना त्याच्याकडून भरपूर काम करून घेतलं. दुसरी फटही आहे. निव्वळ संबंधांवर बोलणारा सिद्धांत उंदीरच का, चिमणी का नाही, हे सांगू शकत नाही. त्यासाठी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) मधल्या आत्मनिष्ठेकडे, लेखकाच्या स्वतःच्या अनुभवाशी असलेल्या इमानाकडे जावं लागतं. 'भंगू दे काठिन्य माझे' ही प्रार्थना संवाद-विरोध-समतोलात मोजता येईल, पण ती कुणापुढे आणि का, ते मोजमाप सांगणार नाही. सिद्धांत कवितेला पुरा पडत नाही, ही तक्रार रास्त आहे. पोस्टने मात्र ती केलेलीच नाही.

खटल्याचं एका वाक्यात: खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले. शिक्षा कुठून आली, पोस्टकर्त्यालाच ठाऊक.

आणि एवढं होऊनही पुढे पाठवायचीच असेल, तर निदान 'उंदीर'ची वेलांटी ऱ्हस्व करून पाठवा.